वर्डमधील लाल-निळ्या रेघा आणि मराठी मजकूर

शिवाजी विद्यापीठात सादर करायचा प्रबंध, साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल किंवा पतसंस्थेच्या सर्वसाधारण सभेची नोटीस असे काहीही मराठीत लिहिले, की मायक्रोसॉफ्ट वर्डच्या पानावर लाल नागमोडी रेघांची दाटी होते, आणि वैतागून पुष्कळ जण तपासणीच कायमची बंद करून टाकतात. हा उपाय मला योग्य वाटत नाही. मजकूर कोणत्या भाषेतला आहे याची नोंद वर्डकडे चुकीची असणे, हे या दाटीचे नेहमीचे कारण असते. ती नोंद सुधारली की निरर्थक रेघा जातात आणि ज्या उरतात त्या पाहण्यासारख्या असतात.

लाल नागमोडी रेघ म्हणजे तो शब्द शब्दकोशात सापडला नाही, आणि सध्याच्या आवृत्त्यांमधील निळी दुहेरी रेघ म्हणजे व्याकरणाबद्दलची शंका. इंग्रजी मजकुराखाली शैलीविषयक सूचनेची ठिपक्यांची रेघही दिसू शकते. या सर्व रेघा फक्त पडद्यापुरत्या असतात. छापील प्रतीत किंवा पीडीएफमध्ये त्या उतरत नाहीत, त्यामुळे केवळ छपाईच्या धास्तीने त्या घालवण्याची गरज नाही.

प्रथम भाषेची नोंद पाहावी. मजकूर निवडून ‘रिव्ह्यू’ टॅबमधील ‘लँग्वेज’ आणि त्याखालील ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’ उघडावे, यादीतून मराठी निवडावी आणि ‘डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर’ या चौकटीत खूण नाही ना, हे पाहावे. ज्या भाषांचे तपासणीचे साहित्य संगणकावर बसवलेले असते, त्यांच्या नावाशेजारी छोटे चिन्ह दिसते. मराठीपुढे ते नसेल तर ऑफिसच्या भाषाविषयक सेटिंगमधून ते आधी बसवून घ्यावे लागते. येथे आणखी एक अडचण वारंवार आढळते. देवनागरी लिपी एकच असल्याने अनेक जण हिंदी कीबोर्डवरून मराठी टंकलेखन करतात, आणि वर्ड कीबोर्डच्या भाषेवरून मजकुराची भाषा ठरवत असल्यामुळे संपूर्ण प्रकरण हिंदी म्हणून नोंदले जाते. अशा वेळी विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडून घेणे हा कायमचा उपाय आहे.

डीटीपीच्या दुकानातून आलेल्या जुन्या फायलींची गोष्ट वेगळी आहे. युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक संकेतांक देणारी आजची प्रमाण पद्धत) रूढ होण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण फाइलच्या पोटात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात; म्हणून वर्ड त्याला चुकीचे इंग्रजी समजते आणि ओळीच्या ओळी लाल होतात. भाषा मराठी ठरवूनही येथे काही साधत नाही. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा, आणि ते शक्य नसेल तर तेवढ्या भागाची तपासणी बंद ठेवावी.

युनिकोडमध्येही दिसायला अगदी बरोबर असलेल्या शब्दाखाली रेघ येऊ शकते. ‘गुऱ्हाळ’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टाइप करता येतो : एक नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, आणि दुसरा साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु शब्दकोशात त्यांपैकी एकच असेल तर दुसऱ्याखाली रेघ उमटते. ‘ॲ’ या अक्षराचेही असेच आहे. ते एकसंध अक्षर म्हणून किंवा ‘अ’वर चंद्र जोडून अशा दोन पद्धतींनी लिहिले जाते. संपूर्ण फायलीत एकच पद्धत ठेवावी, कारण ‘फाइंड’ने शब्द शोधतानाही हाच फरक आडवा येऊ शकतो.

यानंतर उरतात विशेषनामे. हातकणंगले, गडहिंग्लज, भुदरगड ही नावे शब्दकोशात नसतील तर शब्दावर उजवी क्लिक करून ‘ॲड टू डिक्शनरी’ निवडावे. मराठीत मात्र ‘गडहिंग्लज’ जोडल्याने ‘गडहिंग्लजला’ आणि ‘गडहिंग्लजच्या’ ही रूपे आपोआप जोडली जात नाहीत, म्हणून नेहमी लागणारी रूपे स्वतंत्रपणे जोडावी लागतात. हे करताना घाई करू नये, कारण चुकीचा शब्द जोडला गेला तर ती चूक पुढे त्या संगणकावर कधीच दाखवली जात नाही. तसे झाल्यास ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘प्रूफिंग’ या मार्गाने ‘कस्टम डिक्शनरीज’ उघडून यादीतून तो शब्द काढता येतो. एखादे नाव एकाच फायलीपुरते असेल तर ‘इग्नोअर ऑल’ पुरेसे आहे.

संशोधकांनी अवतरणांबाबत विशेष काळजी घ्यावी. राजर्षी शाहू महाराजांच्या काळातील करवीर दरबारचा हुकूम उद्धृत करताना ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार येतात. शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे उच्चार नसलेले अनुस्वार वगळले, पण म्हणून मूळ मजकुरातले ते पुसणे हा पुराव्याशी केलेला अन्याय ठरेल. मुलाखतीतील ‘काय करालाईस’ यासारख्या बोलीलाही हेच लागू आहे. अशा मजकुरासाठी ‘अवतरण’ नावाची वेगळी स्टाइल तयार करावी, तिच्या ‘फॉरमॅट’मधील ‘लँग्वेज’मध्ये तपासणी न करण्याची खूण करावी आणि प्रत्येक अवतरणाला ती स्टाइल द्यावी, म्हणजे उरलेल्या प्रबंधाची तपासणी चालू राहते.

रेघांशिवाय पान पाहायचे असेल तर ‘प्रूफिंग’मध्ये तळाशी ‘हाइड स्पेलिंग एरर्स इन धिस डॉक्युमेंट ओन्ली’ आणि व्याकरणासाठी तसाच दुसरा पर्याय आहे. ही नोंद फायलीबरोबर जाते, त्यामुळे मार्गदर्शकांकडे फाइल तपासायला पाठवण्यापूर्वी त्या खुणा काढाव्यात, नाहीतर त्यांच्याही पडद्यावर रेघा लपलेल्याच राहतील. याउलट ‘चेक स्पेलिंग ॲज यू टाइप’ बंद केले तर त्या संगणकावरील वर्डच्या सर्व फायलींवर परिणाम होतो. सामायिक संगणकावर ते टाळावे. वर्डसारख्याच लिब्रेऑफिस रायटर या मोफत प्रणालीत शिफ्ट आणि एफ ७ या कळांनी लाल रेघा चालू-बंद होतात.

अंतिम प्रतीआधी ‘प्रूफिंग’मधील ‘रीचेक डॉक्युमेंट’ दाबावे, म्हणजे पूर्वी दुर्लक्षित केलेल्या शंका पुन्हा पुढे येतात, आणि एफ ७ दाबून त्या एकेक करून निकाली काढता येतात. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘शिर’ आणि ‘शीर’ या जोड्यांतले दोन्ही शब्द बरोबरच असल्याने एकाच्या जागी दुसरा पडला तरी लाल रेघ येत नाही. कंट्रोल आणि एफ दाबून यांतला प्रत्येक शब्द शोधावा आणि तो जेथे जेथे सापडेल तेथील संपूर्ण वाक्य वाचावे.