रालामंडल : चढताना पायवाट, उतरताना गाडीरस्ता

इंदूरच्या मराठी घरांतून पाहुण्यांना राजवाडा, सराफा आणि छप्पन दुकान हटकून दाखवले जाते. शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आत असलेली रालामंडलची टेकडी मात्र बहुधा राहून जाते. खंडवा रोडने तेजाजीनगर चौकापर्यंत जाऊन तेथून अभयारण्याच्या फाटकाकडे वळावे. 1989 साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे जंगल अडीच चौरस किलोमीटरहूनही लहान आहे आणि टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 782 मीटरवर आहे. इंदूर साडेपाचशे मीटरच्या आसपास वसलेले असल्यामुळे प्रत्यक्ष चढ दोनशे मीटरांहून थोडा अधिक भरतो. हा आकडा ऐकून माझ्या पुण्याच्या आतेभावाने ‘याला डोंगर म्हणायचे का?’ असे विचारले होते. अर्ध्या वाटेवर तो दगडावर टेकला तेव्हा मी पाण्याची बाटली पुढे केली आणि त्याच्या प्रश्नाचा विषय काढला नाही.

येथे फेरी कोणत्या दिशेने करावी, हा प्रश्न अनेकांना क्षुल्लक वाटतो. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चढताना झाडीतील पायवाट धरावी आणि उतरताना माथ्यावरील शिकारगाहपर्यंत, म्हणजे शिकारीसाठी बांधलेल्या जुन्या वास्तूपर्यंत, येणारा गाडीरस्ता. चढाचा ताण दमावर पडतो आणि दम थांबल्यावर भरून येतो, पण उताराचा ताण गुडघ्यांवर आणि घोट्यांवर पडतो. शिवाय पानगळीच्या दिवसांत, म्हणजे साधारण फेब्रुवारीपासून, सागाची ताटाएवढी वाळलेली पाने खालच्या सुट्या मुरमाला झाकून टाकतात. चढताना अशा पानांवर पाय सरकला तर माणूस फार तर हात टेकतो. उतरताना सरकला तर तो थेट बसतो. एकदा उलट फेरी करण्याचा हट्ट मीच केला होता आणि त्यानंतर चार दिवस खुर्चीवर उशी घेऊन कार्यालयातील काम उरकले.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी गिर्यारोहकांचा जुना हिशेब उपयोगी पडतो : सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि दर सहाशे मीटर चढाईसाठी आणखी एक तास मिळवावा. या हिशेबाने येथील चढाईसाठी वीस-पंचवीस मिनिटे जास्तीची येतात. मुले किंवा ज्येष्ठ मंडळी बरोबर असल्यास मात्र विश्रांतीसह संपूर्ण फेरीला अडीच तास राखून ठेवावेत आणि ज्याचा वेग सर्वांत कमी आहे त्याला पुढे चालू द्यावे. फाटक उघडताच आत शिरता येईल अशा बेताने घर सोडावे, आणि परतण्याची वेळ फाटकावरच विचारून घ्यावी.

ऋतूंपैकी माझी पसंती ऑक्टोबर ते डिसेंबर या काळाला आहे. पावसाळा संपता संपता सागाची पाने नीट निरखावीत; अळ्यांनी मधला हिरवा भाग खाऊन टाकल्यामुळे फक्त शिरांची जाळी उरलेली असते आणि उजेडासमोर धरल्यास जुन्या विरलेल्या लुगड्याची आठवण होते. सागाचे कोवळे पान वाटेवर गळून पडलेले दिसले तर ते तळहातावर चोळून पाहावे, हात कुंकवासारखा लाल होतो. पान झाडावरून तोडू नये, आणि मोराचे पीसही उचलून घरी आणू नये, कारण अभयारण्यातील कोणतीही वस्तू बाहेर नेण्यास मनाई असते. भर पावसात हिरवाई अप्रतिम असते, पण माळव्याची काळी माती प्रत्येक पावलागणिक बुटाला चिकटत जाते आणि पाव तासात पाय वजनदार होतात. एप्रिल-मे महिन्यांत झाडांखाली सावलीच नसल्यामुळे ऊन चढल्यावर जाऊ नये.

बूट खोल खाचांच्या तळव्यांचे असावेत. चप्पल घालून येणारे पुष्कळ दिसतात, त्यांचे अनुकरण करू नये. माणशी किमान एक लिटर पाणी न्यावे. दगडाच्या कपारीत किंवा पानांच्या ढिगात हात घालू नये, कारण घोणस वाळक्या पानांत बेमालूम मिसळून जाते. या जंगलात नीलगायी, चितळ आणि रानडुकरे आहेत, बिबट्याचाही वावर असतो. म्हणून लहान मुलांना एकटे पुढे धावू देऊ नये आणि आखलेली वाट सोडू नये.

माथ्यावरील शिकारगाह होळकरांच्या काळातील आहे. तेथे बसण्यापूर्वी एकदा कठड्याजवळ जाऊन शहराकडे पाहावे. बायपास आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाढत आलेल्या वसाहती पाहिल्यावर हे जंगल किती चिमुकले आहे याचा अंदाज येतो. डबा येथे उघडू नये. पोहे-जिलेबी खाली उतरल्यावरही मिळते.

घरी परतल्यावर मोजे उलटे करून त्यांत अडकलेली कुसळे एकेक वेचून काढावीत आणि मगच ते धुण्यास टाकावेत, अन्यथा हीच कुसळे घरातील सर्वांच्या कपड्यांत शिरतात आणि पुढे आठवडाभर टोचत राहतात.