नाल्याच्या पाण्यावर मोटर लावण्याआधी: वाळलेल्या समुद्री शेवाळाचा ड्रम

उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला की नाल्यावर मोटर टाकायचा मोह होतोच, पण वरच्या अंगाला प्लेटिंगचं (धातूवर मुलामा चढवायचं) नाहीतर बॅटरीचं काम चालत असेल तर जरा थांबा. शिसं, कॅडमियम असलेलं पाणीसुद्धा दिसायला नितळ असू शकतं, वास पण येत नाही, म्हणून आधी नमुना लॅबला द्या आणि धातूंची टेस्ट वेगळी सांगा, नुसता पीएच आणि क्षार बघून भागत नाही. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) शिफारशीत सिंचनाच्या पाण्यात कॅडमियमची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे बघा किती कमी.

आता शेवाळ, म्हणजे ड्रममधे भरून त्यातून हे पाणी गाळायचं ते. सरगॅसमसारखं तपकिरी समुद्री शेवाळ, तेही वाळलेलंच चालतं. त्यातलं अल्जिनेट (शेवाळातला चिकट पदार्थ) आपलं कॅल्शियम सोडतं आणि त्या जागी शिसं, कॅडमियम, तांबं धरून ठेवतं. (सीवीडचं लिक्विड टाकीत ओतून हे होत नाही, ते पिकाचं टॉनिक, पण विचारतात लोक.) गोड्या पाण्यात तीनचारदा धुवा, धुवणाचा ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) साध्या पाण्याएवढा येईपर्यंत, नाहीतर धातू काढायला गेलो आणि मीठ घालून बसलो असं होतं. मग वाळवून भरड करा आणि ड्रममधे भरा, पीठ नको, मी एकदा बारीक दळलं तर तासाभरात ड्रममधे नुसता चिकट लगदा आणि खालच्या नळाला थेंब नाही. वर गाळासाठी वाळूचा थर, आणि पाणी सावकाश सोडायचं.

पीएच ५ च्या आसपास पकड चांगली, फार आंबट पाणी आलं, ३ च्या खाली, तर धरलेला धातू परत सुटायला लागतो. आर्सेनिक आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियमसाठी (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) यावर विसंबू नका. एका ड्रमवर एकर भिजत नाही, रोपवाटिकेपुरतं ठीक, आणि पालक मेथीला हे पाणी देऊच नका, पालेभाज्या कॅडमियम पटकन ओढतात. ड्रममधून निघालेलं पाणी पण अधूनमधून तपासा, शेवाळ धातूनं भरलं की ते पकडायचं थांबतं आणि बाहेरून काही कळत नाही.

सगळ्यात मोठी चूक पुढे होते. शेवाळ म्हणजे खत हे डोक्यात इतकं बसलंय की वापरलेला चोथा सरळ उकिरड्यात जातो, आणि कॅडमियम काही कुजत नाही, ते सगळं परत वावरात. जनावरांपुढे नको, जाळू पण नका. जाड प्लास्टिकच्या पोत्यात बांधून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या, तोवर पोत्यावर लाल रंगानं 'खत नाही' लिहून ठेवा, नाहीतर घरातलंच कोणीतरी ते वाफ्यात टाकून मोकळं होतं.