हेतूचा रकाना

तर्कदोषांची नावे पाठ असणे आणि समोरच्या बोलण्यातला तर्कदोष ओळखता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कोल्हापुरातल्या एका वादविवाद स्पर्धेत भर सभागृहात कळले. विषय हद्दवाढीचा होता. 1972 मध्ये महापालिका झाल्यापासून हा प्रश्न शहरात गाजत असल्यामुळे समोर बसलेल्या बहुतेकांचे मत आधीच ठरलेले होते. मी हद्दवाढीच्या बाजूने बोलत होते. प्रतिपक्षाचा वक्ता म्हणाला, "आज वेशीवरची चार गावे घेतील, उद्या अख्खा करवीर तालुका गिळतील, घरफाळा वाढेल आणि पाणी मात्र टँकरनेच येईल!" टाळ्या पडल्या. मी ताडकन उठले, "हा घसरणीचा तर्कदोष आहे," असे जाहीर केले आणि विजयी मुद्रेने खाली बसले. परीक्षकांनी विचारले, "कोणत्या विधानात, ते सांगा. वाक्यात तीन विधाने आहेत."

मला उत्तर देता आले नाही. चार गावांवरून तालुक्यावर मारलेली उडी ही खरोखर घसरण होती, कारण मधल्या एकाही पायरीचे कारण वक्त्याने दिले नव्हते. घरफाळ्याचे विधान मात्र ग्रामपंचायतीचे आणि महापालिकेचे दर शेजारी मांडून तपासता येण्याजोगे होते आणि ते खरे निघण्याची शक्यता बरीच होती. पाण्याचा मुद्दा हा अंदाज होता. अंदाज चुकू शकतो, पण म्हणून त्याला तर्कदोष म्हणता येत नाही. मी तिघांना एकाच दाव्याला बांधले होते.

स्पर्धेनंतर त्याच परीक्षकांनी मला जी रीत सांगितली, तीच या अभ्यासाला नव्याने लागणाऱ्यांना मी सांगते. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या भारतीय दर्शनात, अनुमानाचे पाच अवयव मानले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर दिसतो, हा हेतू. आणि जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. सुरुवातीला पहिले तीनच पुरतात. वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत, ऐकलेले भाषण किंवा वाचलेला अग्रलेख त्यांत उतरवावा, आणि तोपर्यंत दोषाचे नाव तोंडातून काढू नये. 'पिंपरी-चिंचवडची हद्द वाढली आणि भरभराट झाली, तेव्हा कोल्हापूरचीही होईल,' हे माझ्याच भाषणातले वाक्य मी असे उतरवले, तेव्हा हेतूच्या रकान्यात केवळ 'हद्द वाढली' एवढेच उरले. तिथल्या कारखानदारीचा त्यात उल्लेखच नव्हता. शिवाय हद्द वाढूनही रखडलेले एखादे शहर दाखवता आले, तर हा हेतू साध्य (जे सिद्ध करायचे ते, इथे भरभराट) असते तेथेही आढळतो आणि नसते तेथेही. न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात आणि तो हेत्वाभासांच्या, म्हणजे हेतूसारख्या भासणाऱ्या सदोष कारणांच्या, पाच प्रकारांत मोडतो.

शब्दच्छलाचे उदाहरण तर मराठी माणसाला चटकन पटावे असे आहे. 'नवकंबल' म्हणजे नवी कांबळ असलेला, असे एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने 'नव' म्हणजे नऊ असा अर्थ घेऊन "याच्याकडे तर एकच कांबळ आहे" असे त्याला खोटे पाडावे, याला वाक्छल म्हणतात. हद्दवाढीच्या वादात 'विकास' या शब्दाचे असेच होते. एक बाजू त्याचा अर्थ रस्ते आणि गटारे असा घेते, दुसरी जमिनीचे वाढते भाव असा घेते, आणि तासभर भांडूनही दोघे एका विषयावर आलेले नसतात.

अलंकारांबाबत नवशिके हमखास उलटी चूक करतात, मीही केली. पुनरुक्ती, अतिशयोक्ती किंवा उत्तराची अपेक्षा नसलेला प्रश्न दिसला, की त्यांना तो लबाडीचा पुरावा वाटतो. ॲरिस्टॉटलने मन वळवण्याच्या साधनांत वक्त्याचे चारित्र्य आणि श्रोत्यांच्या भावना यांनाही युक्तिवादाच्या शेजारी जागा दिली आहे. 'गिळतील' हे क्रियापद भीती जागवते हे खरे, पण त्याच्या जागी 'समाविष्ट करतील' असे लिहूनही घसरण तेथेच राहते, उलट "पंचगंगेने आणखी किती मैला सोसायचा?" हा प्रश्न कितीही नाट्यपूर्ण असला, तरी त्यामागे सांडपाण्याचा तपासता येण्याजोगा मुद्दा उभा असतो. म्हणून मी वाक्य एकदा अलंकारासह आणि एकदा अलंकार काढून लिहिते. दुसऱ्या वेळी हेतूचा रकाना रिकामा राहिला, तरच आक्षेप घेते.

तेव्हाही 'निष्कर्ष खोटा' असे म्हणण्याची घाई करू नये. कारण लंगडे असले, तरी दावा अन्य कारणांनी खरा असू शकतो. त्या वक्त्याचा घरफाळ्याचा मुद्दा मी घसरणीबरोबर फेटाळला, तेव्हा नेमके हेच विसरले होते.

सरावासाठी शक्यतो आपल्याला पटणारा मजकूर घ्यावा. विरोधकांचे दोष फार सहज सापडतात आणि त्यामुळे आपण हुशार झालो असा भ्रम होतो. पुढे कधीतरी मी माझे त्या दिवशीचे सगळे भाषण रकान्यांत उतरवले. प्रतिज्ञेचा रकाना पान उलटून मागे गेला. "जो हद्दवाढीला विरोध करतो, त्याचे कोल्हापूरवर प्रेमच नाही," या माझ्या सर्वाधिक टाळ्यांच्या वाक्यासमोर मात्र हेतूच्या रकान्यात लिहायला काही सापडले नाही.