बीआरटी आखायचीय? मग आधी सगळ्यात अरुंद जागा शोधा

बीआरटी, म्हणजे बस रॅपिड ट्रान्झिट, म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर बसची वेगळी लेन येते आणि आखणी करणारे पण तिथूनच सुरू करतात, म्हणजे नकाशा काढायचा, रुंद रस्ते कुठले ते बघायचे आणि त्यावर रेघ ओढायची. माझ्या मते हे उलटं आहे. रुंद रस्त्यावर बस तशीही बरी चालते, ती अडकते पुलाच्या तोंडाशी, जुन्या गावठाणात, मंडईपाशी, आणि नेमकं तिथं आलं की 'इथे जागा नाही' म्हणून लेन सोडून देतात. मग आधीच्या सहा-सात किलोमीटरमध्ये वाचवलेली मिनिटं त्या एका किलोमीटरमध्ये जातात. पुण्यात देशातली पहिली बीआरटी २००६ च्या डिसेंबरमध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसरवर सुरू झाली, तेव्हापासून आपण पुणेकर हे बघतोय, त्यामुळे इतर शहरांना सांगायला आपल्याकडे खूप काही आहे.

तर सुरुवात बसमध्ये बसून करा. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ, चार-पाच दिवस, आता ज्या बस त्या पट्ट्यात धावतात त्यातच बसा आणि कुठल्या स्टॉपला किती चढले किती उतरले, बस कुठे किती मिनिटं उभी राहिली ते लिहून काढा. कंडक्टरच्या तिकीट मशीनचा डेटा मिळाला तर उत्तमच, पण सहाआसनी आणि शेअर रिक्षाने जाणारी माणसं त्यात दिसत नाहीत, ती नाक्यावर उभं राहूनच मोजावी लागतात. आणि हो, प्रत्येक लाइन शहराच्या मध्यातच यायला हवी असं काही नाही. पिंपरी-चिंचवडमधला नाशिक फाटा ते वाकड हा कॉरिडॉर (बसच्या वेगळ्या लेनचा पट्टा) बघा, तो उपनगरातूनच जातो, कारण माणसं तशी जातात.

मग टेप घेऊन रस्ता मोजा, डीपी प्लॅनमधली (शहराच्या विकास आराखड्यातली) रुंदी धरू नका. दोन बस लेन ३.५ मीटरच्या म्हणजे ७, मधलं स्टेशन ४, दोन्ही बाजूंना बाकीच्या गाड्यांना दोन-दोन लेन म्हणजे साधारण १३, फुटपाथ आणि सायकल ट्रॅक धरून दोन्हीकडे मिळून ९. झाले ३३ मीटर. हे सगळीकडे मिळणार नाही हे उघड आहे. जिथे मिळत नाही तिथे पार्किंग काढा, समांतर रस्ता असेल तर गाड्या एकेरी करा, स्टेशन थोडं पुढेमागे सरकवा, अगदीच नसेल तर शे-दोनशे मीटर एकच बस लेन ठेवून दोन्हीकडच्या बस सिग्नलवर आळीपाळीने सोडा. फुटपाथला मात्र हात लावू नका, कारण बसचा प्रत्येक प्रवासी आधी चालत येतो.

आणि हे चालत येणं म्हणजे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. स्टेशन रस्त्याच्या मधोमध असलं की प्रत्येक माणसाला जाताना अर्धा आणि परत येताना अर्धा रस्ता ओलांडावा लागतो, त्यात शाळेची पोरं, भाजीची पिशवी घेतलेल्या बायका आणि गुडघे दुखणारी म्हातारी माणसं असतात. त्यांना पादचारी पूल दाखवू नका, तो जिना कोणी चढत नाही. जमिनीवरचंच क्रॉसिंग द्या, आणि ते उंच करा म्हणजे गाडीला वेग कमी करावाच लागेल, पादचाऱ्यांचा सिग्नल द्या, आणि रात्री तिथे नीट दिवा हवा. स्टेशन चौकाच्या स्टॉपलाइनपासून पन्नासेक मीटर तरी लांब घ्या, नाहीतर मागची बस चौकातच अडकते.

आता सिग्नल. समजा १२० सेकंदांचा सिग्नल आहे आणि चार दिशा वेगवेगळ्या सोडतायत, म्हणजे बसला हिरवा ३० सेकंद आणि लाल ९०. सरासरी थांबणं साधारण ३४ सेकंद होतं. उजवी वळणं बंद करून ती पुढच्या यू टर्नला नेली आणि दोनच फेज (सिग्नलच्या पाळ्या) ठेवल्या तर लाल ६० सेकंद, थांबणं १५. वीस चौक असतील तर सहा मिनिटं वाचली, तीसुद्धा एक फूटही नवीन रस्ता न बांधता. दुकानदार आणि रिक्षावाले उजवं वळण बंद करायला विरोध करणारच, त्यांच्याशी काम सुरू व्हायच्या आधी बसून बोला.

बसचं गणित पण आधीच करा. १५ किलोमीटरची लाइन, वेग ताशी १५ धरला तर एका बाजूला एक तास, दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं, म्हणजे पूर्ण फेरी १४० मिनिटांची, दर पाच मिनिटांनी बस हवी तर २८ बस लागतात. वेग २२.५ झाला तर फेरी १०० मिनिटांत होते आणि २० बस पुरतात. म्हणजे लेनमुळे आठ बस वाचल्या, त्या उपनगरात फीडरला, म्हणजे वस्तीतून स्टेशनपर्यंत माणसं आणायला, लावा!! बस घेताना प्लॅटफॉर्मची उंची आणि बसच्या फ्लोअरची उंची एकच ठरवा (४००, ६५० की ९०० मिलिमीटर), आणि दार कुठल्या बाजूला ते पण, कारण मधल्या स्टेशनला उजवीकडे दार लागतं. अहमदाबादच्या जनमार्गने (तिथली बीआरटी) २००९ मध्ये बंद पद्धत घेतली, म्हणजे बस कॉरिडॉरमध्येच धावायची, पुण्यात बस कॉरिडॉरमधून बाहेर पडून पुढे वस्तीतही जाते म्हणून दोन्ही बाजूंना दारं लागतात. उपनगरं विखुरलेली असतील तर मला दुसरी पद्धत बरी वाटते, बस बदलायची कटकट वाचते.

लेन रिकामी दिसते ही तक्रार येणारच. तेव्हा आकडे द्या, लेनमधल्या सगळ्या मार्गांच्या मिळून मिनिटाला एक बस आणि बसमध्ये ६० माणसं म्हणजे तासाला ३६००. शेजारच्या लेनमधून तासाला हजार गाड्या निघाल्या आणि गाडीत दीड माणूस धरला तरी १५०० च होतात. पण हा युक्तिवाद तेव्हाच टिकतो जेव्हा बस खरंच मिनिटाला येते, म्हणून आधी बस मग उद्घाटन. पिंपरी-चिंचवडमधल्या दापोडी-निगडी मार्गाच्या लेन कितीतरी वर्षं तशाच पडून होत्या, बस धावली ऑगस्ट २०१८ मध्ये. दिल्लीत अंबेडकरनगर-मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा तुकडा २००८ ला सुरू झाला आणि २०१६ मध्ये काढून टाकला. एवढ्या छोट्या तुकड्यात बसच्या प्रवाशाला फायदा जाणवायच्या आधीच गाडीवाल्याचा राग तयार होतो.

हद्दीचा विषय पहिल्या महिन्यातच मिटवा. लाइन एका महापालिकेतून निघून दुसरीत आणि पुढे ग्रामपंचायतीत जात असेल तर रस्ता कोणाचा, सिग्नल कोणाचा, स्टेशन झाडणार कोण, तोटा कोण किती भरणार, हे लेखी हवं. पुण्याने २००७ मध्ये पीएमटी (पुण्याची बससेवा) आणि पीसीएमटी (पिंपरी-चिंचवडची) एकत्र करून पीएमपीएमएल ही एकच बस कंपनी केली म्हणून दोन शहरांमधून सलग बस चालवता येते, दोन वेगळ्या सेवा ठेवून ते अवघड गेलं असतं.

शेवटी ट्रायल. निदान महिनाभर, रिकाम्या बसची नव्हे, प्रवाशांसकट, ड्रायव्हरना प्लॅटफॉर्मला चिकटून बस लावायची सवय होईपर्यंत. लेनच्या तोंडाशी वॉर्डन ठेवा, दुचाकी तिथूनच घुसतात. आणि एकदा जुलैच्या पावसात संध्याकाळी सात वाजता स्वतः छत्री घेऊन स्टेशनवर जा, पाणी कुठे साठतं आणि लोक रस्ता कुठून ओलांडतात ते बघा, तिथे खडूने खूण करा आणि क्रॉसिंग तिथे हलवा.