पिकअप गेला, काळा धूर आला: टर्बोआधी होज तपासा

डिझेल गाडीचा पिकअप गेला, काळा धूर आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर ‘फुस्स’ आवाज आला की टर्बोच (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) गेला असं धरू नका. माझ्या गाडीत इंटरकूलरचा (ती दाबलेली हवा थंड करणारी जाळी) रबरी होज म्हणजे पाइप क्लॅम्पखाली चिरला होता. इंजिन थंड असताना होज वाकवून बघा. चीर नुसती बघून दिसत नाही, तेलाचा ओलसर डाग दिसतो. होज आणि क्लॅम्प दोन्ही नवे टाकले, ताकद परत आली.

मग एअर फिल्टरकडचा पाइप काढून टर्बोचा शाफ्ट (पंख्याचा दांडा) बोटाने हलवा. आडवा किंचित खेळ चालतो. पण पंख्याचं पातं बाहेरच्या घराला घासत असेल किंवा शाफ्ट आत-बाहेर जाणवण्याइतका हलत असेल तर टर्बो संपला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. आधी ऑइल परतीचा पाइप आणि ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) तुंबलाय का बघा.

नवा टर्बो बसवताना ऑइल, फिल्टर बदला, फीड पाइप (टर्बोला ऑइल नेणारा) नवा घ्या, टर्बोत ऑइल ओतूनच इंजिन चालू करा. ऑइलच्या जोडावर सिलिकॉन अजिबात नको, तुकडा सुटून वाट बंद होते.

आपल्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत कच्च्या रस्त्यांवर प्रचंड धूळ. फिल्टर लवकर बदला. कन्नडचा घाट चढल्यावर टर्बो थंड व्हायला मिनिटभर आयडल (गाडी उभी, इंजिन चालू), मगच चावी बंद.