फॅन कॉइल युनिट: फॉल्स सीलिंग बंद करण्याआधी बाटलीभर पाणी ओता

फॅन कॉइल युनिट (थंड पाणी फिरणाऱ्या नळ्यांच्या कॉइलवरून पंख्याने हवा सोडणारं एसीचं यंत्र) बसवलं, सीलिंग बंद झालं आणि पहिल्याच उन्हाळ्यात छताला ओल आली, असं बऱ्याच घरांत होतं. दोष बहुधा मशीनचा नसतो, ड्रेन पाइपच्या उताराचा असतो.

१. युनिट टांगल्यावर लेव्हल लावा. कॉइलवरून ठिबकणारं पाणी झेलणारा ट्रे ड्रेनच्या तोंडाकडे किंचित झुकलेला हवा, उलट्या बाजूला अजिबात नको.

२. ड्रेन पाइपला दर मीटरला निदान १ सेंटिमीटर उतार द्या. मध्ये झोळ पडू नये म्हणून आधार जवळजवळ घ्या.

३. ट्रेमध्ये हळूहळू एक-दोन लिटर पाणी ओता. ते न तुंबता निघून गेलं पाहिजे.

४. आता पॅनल लावून पंखा पूर्ण वेगावर चालू करा आणि पुन्हा पाहा. ही पायरी हमखास राहून जाते. पंखा कॉइलमधून हवा ओढत असेल, तर ट्रेतलं पाणी आतच अडकून राहतं. अशा वेळी ड्रेनला पाण्याचा ट्रॅप, म्हणजे पाणी भरून राहणारं यू-आकाराचं वळण लागतं.

थंड पाण्याच्या पाइपवरचं इन्सुलेशन व्हॉल्व्ह आणि जोडांवरही सलग हवं. उघडी राहिलेली बोटभर जागासुद्धा थेंब गाळते.

वायरिंगला हात लावण्याआधी एमसीबी बंद करा आणि टेस्टरने खात्री करा. वीज बंद केल्यावरही पंख्याच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, त्याच्या टोकांना हात लावू नका. मुख्य वीजजोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.