ॲनाटॉमीसाठी ऑनलाइन साहित्य शोधताय? या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडीकडची कितीतरी मुलं-मुली मराठी शाळेतून दहावी, मग इंग्रजीतून पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स करून मेडिकल, आयुर्वेद, नर्सिंग किंवा फिजिओथेरपीला जातात. पहिल्याच वर्षी ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचनाशास्त्र, असते आणि वर्ग सुरू होतात न होतात तोच व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ, ॲप, व्हिडिओंचा ढीग पडतो. त्यातलं काय घ्यायचं हे चुकलं की सगळं वर्ष जड जातं.

सगळ्यात महागात पडतं ते चित्र न तपासता पाठ करणं. समोरून काढलेल्या चित्रात तुमच्या डाव्या हाताला असतं ते शरीराचं उजवं अंग. आडव्या छेदाचा सीटी स्कॅन तर पायांकडून पाहिल्यासारखा दाखवतात, म्हणजे तिथेही यकृत चित्राच्या डावीकडे दिसायला हवं. ते उजवीकडे दिसलं, तर चित्र उलटं झालंय का, की पाठीमागून किंवा वरून दाखवलंय, हे आधी ठरवा. हल्ली एआयने बनवलेली चित्रंही खूप फिरतात. दिसायला सुंदर, पण नावांचे बाण भलतीकडे. त्यांची परीक्षा मोजून घ्या: मनगटात ८ हाडं, चार-चारच्या दोन ओळींत, अंगठ्याला २ पेरं, बाकी बोटांना ३, मानेचे मणके ७, छातीमागचे १२, कमरेचे ५. एक जरी आकडा चुकला तरी ते चित्र सोडून द्या.

जुनी पुस्तकं फुकट मिळतात म्हणून तीच धरून बसणं ही दुसरी चूक. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ची १९१८ ची अमेरिकन आवृत्ती कॉपीराइटमधून मुक्त आहे, त्यामुळे तिची चित्रं सगळीकडे दिसतात. रेखाटनं आजही देखणी आहेत, पण नावं बदललीत. चेहऱ्याची आजची फेशियल आर्टरी (रक्तवाहिनी) तिथे एक्स्टर्नल मॅक्सिलरी आहे, ओटीपोटातली इंटर्नल इलियाक आर्टरी हायपोगॅस्ट्रिक आहे, मनगटातलं ट्रॅपेझियम हाड ग्रेटर मल्टँग्युलर आहे. व्हायवात (तोंडी परीक्षेत) ही नावं सांगितली तर गडबड होणारच. चित्र जुनं वापरा, नावं मात्र चालू पाठ्यपुस्तकातली लिहा.

पातळीही बघा. नर्सिंगच्या मुलीने एमबीबीएसचे तासन्‌तास चालणारे व्हिडिओ बघून घाबरून जाण्याचं काहीच कारण नाही. मोफत पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या ओपनस्टॅक्सचं ‘ॲनाटॉमी अँड फिजिओलॉजी’ (दुसरी आवृत्ती, २०२२) तिला पायाभरणीला पुरेसं आहे. ते अधिकृतपणे फुकट आहे आणि पूर्ण पीडीएफ उतरवून घेता येतं. टेलिग्रामवरच्या पानं गळालेल्या चोरीच्या स्कॅनच्या मागे लागू नका.

थ्रीडी ॲपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ते मदतनीस आहे, डिसेक्शन हॉलची (जिथे देहाचं विच्छेदन करून शिकतात) जागा घेऊ शकत नाही. ॲपमधलं शरीर आदर्श असतं, माणसाचं नसतं. पाल्मॅरिस लाँगस हा मनगटाकडे जाणारा स्नायू कित्येकांच्या हातात नसतोच. अंगठा करंगळीला टेकवून मनगट किंचित वाकवा. मधोमध दोरीसारखा कंडरा उठून दिसला तर तुम्हाला तो आहे. वर्गातल्या पाच-दहा जणांचे हात बघा, फरक लक्षात येईल. आपल्याच बेळगावात २०१० साली ॲनाटॉमी शिकवणारे डॉ. महांतेश रामण्णवर यांनी देहदान केलेल्या आपल्या वडिलांच्या देहाचं विच्छेदन वडिलांच्याच इच्छेनुसार केलं. टेबलावरचा देह कुणीतरी तुम्हाला शिकता यावं म्हणून दिलेला असतो. त्या तासाला फोन बाहेर ठेवा.

व्हिडिओ बघताना सगळं कळतं आणि पेपरात आठवत नाही, ही तक्रार नेहमीची. बघणं थांबवून काढायला लागा. ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं) कोऱ्या कागदावर काढा: मणक्यांच्या सी-५ ते टी-१ पातळीवरची ५ मुळं, ३ ट्रंक, ६ विभाग, ३ कॉर्ड, ५ मुख्य शाखा. जिथे हात अडतो तेवढाच भाग परत बघा. समजावणं मराठीतून ऐकायला हरकत नाही, पण नावं इंग्रजीतूनच लिहून काढा, कारण पेपर इंग्रजीत आहे.

विकत काही घेण्याआधी ग्रंथपालांना भेटा. कर्नाटकातल्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांसाठी हेलिनेट ही ऑनलाइन लायब्ररी आहे. अभिमत विद्यापीठात असाल तर तिथल्या डिजिटल लायब्ररीची चौकशी करा. जांबोटी-कणकुंबीसारख्या जंगलाकडच्या गावी सुट्टीला जाणाऱ्यांनी, तिथे नेट मिळेलच असं नाही म्हणून, कॉलेजच्या वाय-फायवरच धडे उतरवून घ्यावेत. थ्रीडी ॲप फोनवर अडखळत असेल तर नवा फोन घेण्याच्या फंदात पडू नका, लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर चालवा.